बँकेचें भांडवल : सांगितलेलें आणि आणलेलें

१९१६ सालीं हिंदुस्थानांत तेरा बँका बुडाल्या. त्यांच्या अधिकृत भांडवलाची बेरीज २३१ लाख रुपये होती. एवढें भांडवल असतां या बँका बुडाव्या कां, असा प्रश्न कोणाच्याही मनांत सहज येईल. त्याचें उत्तर त्याच तक्त्याच्या पुढच्या रकान्यांत आहे. या तेरा बँकांचें वसूल भांडवल, म्हणजे भागधारकांच्या खिशांतून निघून बँकेकडे प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम, अवघी चार लाख रुपये होती. शंभर रुपये सांगावयाचे आणि पावणेदोन रुपये आणावयाचे, असा हा व्यवहार. तेंच एक वर्ष अपवादाचें होतें असें मात्र नाहीं. १९१३ पासून १९१८ पर्यंतच्या सहा वर्षांत ९४ बँकांचें दिवाळें वाजलें. त्या सर्वांचें अधिकृत भांडवल १५५६ लाख रुपये आणि वसूल भांडवल १७९ लाख.

कंपन्यांच्या कायद्यांत भांडवल हा शब्द तीन निरनिराळ्या अर्थांनीं येतो, आणि भोळ्या ठेवीदाराची फसगत बहुधा येथेंच होते. अधिकृत भांडवल म्हणजे कंपनीला जास्तींत जास्त किती रकमेचे भाग विकण्याची मुभा आहे ती मर्यादा. ती एक परवानगी आहे, पैसा नव्हे. त्यांपैकीं जेवढे भाग लोकांनीं घेतले तेवढें खपलेलें भांडवल. आणि घेतलेल्या भागांपोटीं जेवढी रक्कम खरोखर भरली गेली तेंच काय तें वसूल भांडवल. सार्वजनिक कार्यासाठीं वर्गणीची यादी घेऊन जे कधीं दारोदार हिंडले असतील, त्यांना यादींत आंकडा घालणें आणि तो आंकडा हातीं पडणें यांतील अंतर समजावून सांगावयास नको.

हें वसूल भांडवल बँकेच्या बाबतींत इतकें महत्त्वाचें कां, हें पाहण्यासाठीं जुन्या सावकाराची आठवण करावी. सावकार मुख्यतः आपल्या स्वतःच्या पैशावर धंदा करी. कर्ज बुडालें तर त्याचें घर बसे, शेजाऱ्याचें नव्हे. बँक हा दुसऱ्यांच्या पैशाचा व्यापार आहे. एका बँकेचें स्वतःचें भांडवल दहा लाख व ठेवी नव्वद लाख आहेत अशी कल्पना करा. हा एक कोट रुपया तिनें कर्जाऊ दिला आणि त्यांतील सात लाख बुडाले. भागधारकांच्या दहा लाखांतले तीन लाख उरतील, त्यांना हळहळ वाटेल. परंतु ठेवीदारांची पै न् पै शाबूत राहील. शेजारच्याच दुसऱ्या बँकेचें भांडवल दोन लाख आणि ठेवी अठ्ठ्याण्णव लाख. तिचेही सातच लाख बुडाले तर भागधारकांचे दोन्ही लाख जाऊन वर पांच लाखांची खोट ठेवीदारांच्या माथीं बसेल. दोघींच्या कर्जव्यवहारांत कांहीं अंतर नव्हतें. अंतर होतें तें ठेवीदाराच्या पुढें कोण उभें आहे, एवढ्याचेंच.

पण गोष्ट पांच लाखांवर थांबत नाहीं. जो आधीं रांगेंत उभा राहील त्याला पुरे पैसे मिळतील आणि मागून येणाऱ्याच्या वांट्याला खोट येईल, हें कळतांच शहाणा माणूसच सर्वांच्या आधीं धांवतो. बँकेवर झुंबड उडते ती लोक मूर्ख असतात म्हणून नव्हे. आणि शेजारची बँक भक्कम आहे कीं पोकळ, हें रस्त्यावर उभें राहून कोणालाच दिसत नसल्यामुळें एकीची भीति दुसरीच्या दारांत जाते. दुबळ्या भांडवलाचा दोष याप्रमाणें एका पेढीपुरता न राहतां सबंध बाजाराचा दोष होतो. शिवाय ज्याचे स्वतःचे दोनच लाख पणाला लागलेले आहेत तो अठ्ठ्याण्णव लाखांचा जुगार फार हलक्या मनानें खेळतो, हाही मनुष्यस्वभाव आहे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. भांडवल म्हणजे तिजोरींत बाजूला काढून ठेवलेली रोकड नव्हे. रोकड किती ठेवावी हा प्रश्न निराळा आणि त्याचे नियमही निराळे. भांडवलाचा पैसा इतर पैशाप्रमाणेंच कर्जांत, रोख्यांत, इमारतींत गुंतलेला असतो. फक्त तो परत मागण्याचा हक्क कोणालाही नसतो आणि नुकसान आलें तर तें प्रथम त्यानें सोसावयाचें असतें. नफ्यांतून सांठविलेल्या ज्या निधीला आपल्याकडे गंगाजळी असें सुंदर नांव आहे, तिचेंही काम हेंच.

आतां १९१३ कडे वळूं. स्वदेशीच्या चळवळीनें देशांत नव्या बँकांचें पीक आलें होतें. त्यांत कांहीं फार चांगल्या होत्या आणि त्या पुढें टिकल्या, वाढल्या. परंतु पुष्कळ बँका अल्प भांडवलावर निघून जबर व्याजाच्या आमिषानें ठेवी गोळा करीत होत्या. प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनीं हिंदुस्थानच्या चलनावरील आपला ग्रंथ १९१३ च्या मध्यास प्रसिद्ध केला. या लहान बँका पुढील वाईट दिवसांत तग धरणार नाहींत, अशी भीति त्यांत त्यांनीं स्पष्टपणें व्यक्त केली होती. वाईट दिवस यावयाला फार काळ लागला नाहीं. सप्टेंबरांत लाला हरकिशनलाल यांनीं लाहोरास स्थापिलेल्या पीपल्स बँकेनें दारें लावलीं. वर्ष संपण्यापूर्वीं मुंबईची इंडियन स्पीसी बँक चांदीच्या सट्ट्यांत गारद झाली. मग लोण पसरलें. एकट्या १९१४ सालांत ४२ बँका गेल्या. सोराबजी पोचखानवाला यांनीं अवघ्या दोन वर्षांपूर्वीं काढलेली सेंट्रल बँक या वादळांतून निभावली. ज्यांचे पैसे बुडाले त्यांत निवृत्त नोकरदार होते, विधवा होत्या, आणि स्वदेशी बँकेंत पैसे ठेवणें हें देशकार्य मानणारे ध्येयवादी लोकही होते. देशी बँकांवरील विश्वासाला त्या वर्षांत जो तडा गेला, तो सांधावयाला पुढें फार काळ लागला.

तेव्हां भांडवल भरपूर असलें म्हणजे बँक सुरक्षित, असा निष्कर्ष कोणी काढील तर मुंबईच्याच इतिहासांत त्याला उत्तर आहे. १८४० सालीं स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे ही सरकारच्या भागीदारीची, मोठ्या इभ्रतीची बँक. अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईंत कापसाच्या पैशाचा पूर लोटला. बँकेचें भांडवल बावन्न लाखांवरून दोन कोटी नऊ लाखांवर गेलें. पण त्याच सुमारास, १८६३ च्या कायद्यानें, तिच्या कर्जव्यवहारावरील जुने निर्बंध सैल झाले आणि नव्या नव्या कंपन्यांच्या भागांच्या तारणावर ती उसने पैसे देऊं लागली. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीच्या भागांनीं तर कहर केला होता. शेअरबाजाराचे अनभिषिक्त राजे प्रेमचंद रायचंद यांचा शब्द बँकेंत चाले. १८६५ च्या एप्रिलांत अमेरिकेंतील युद्ध संपलें, कापूस कोसळला, आणि १ जुलै रोजीं वायद्यांच्या सौद्यांचा हिशेब पुरा करण्याचा दिवस उजाडला तेव्हां देणारा कोणी उरला नव्हता. ज्या कागदांच्या तारणावर कर्जें दिलीं होतीं ते कागद रद्दीच्या मोलाचे झाले. बँक पुढें दोनतीन वर्षें रखडली आणि १८६८ सालीं गुंडाळण्यांत आली. दोन कोटींच्या भांडवलापैकीं बहुतेक सर्व नाहींसें झालें होतें. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी मंडळ बसलें, आणि एक कोटीच्या भांडवलावर नवी बँक ऑफ बॉम्बे उभी राहिली.

या दिवाळ्याकडे दोन दृष्टींनीं पाहतां येतें. भांडवल वाढलें त्याच वेळीं धंद्याचा लगाम सुटला, म्हणून तें वाढलेलें भांडवल केवळ मोठ्या आगीचें सरपण झालें, ही एक दृष्टि. परंतु एवढा प्रचंड तोटा मुख्यतः भागधारकांनीं, आणि भागधारक या नात्यानें सरकारनेंही, सोसला हेंही तितकेंच खरें. १९१६ च्या तेरा बँकांप्रमाणें तिच्याजवळ पावणेदोन टक्क्यांची पुंजी असती तर तो सगळा बोजा कोणाच्या घरांत गेला असता याचा विचार करावा. भांडवल शहाणपण शिकवीत नाहीं. मूर्खपणाची किंमत कोणी द्यावयाची एवढें ठरवितें.

कायदा या बाबतींत फार सावकाश जागा झाला. १९३४ च्या रिझर्व्ह बँकेच्या कायद्यानें शेड्यूल्ड बँकांची यादी निर्माण केली आणि त्या यादींत येण्यासाठीं वसूल भांडवल व गंगाजळी मिळून पांच लाख रुपयांची अट घातली. १९३६ च्या दुरुस्तीनें कंपनी कायद्यांत बँकांसाठीं स्वतंत्र भाग आला: नव्या बँकेनें भाग विकून निदान पन्नास हजार रुपये उभे केल्याखेरीज धंदा सुरू करूं नये, आणि गंगाजळी वसूल भांडवलाइतकी होईपर्यंत दरसालच्या नफ्याचा पांचवा हिस्सा तींत टाकावा. आज या रकमा क्षुल्लक वाटतात. त्या काळीं त्या तशा नव्हत्या. प्रा. वा. गो. काळे व धों. कृ. साठे यांच्या पुढाकारानें पुण्यांत निघालेल्या बँक ऑफ महाराष्ट्राची नोंदणी १९३५ सालची, अधिकृत भांडवल दहा लाखांचें. तिला शेड्यूल्ड बँकेचा दर्जा मिळावयाला १९४४ साल उजाडावें लागलें. मध्यमवर्गाच्या थेंबाथेंबानें भरणाऱ्या बँकेला पांच लाखांची पायरी केवढी उंच होती, हें त्यावरून दिसतें.

१९३८ सालीं दक्षिणेंत त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक कोसळली आणि स्वतंत्र बँकिंग कायद्याची निकड सर्वांना पटली. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर सर जेम्स टेलर यांनीं १९३९ सालीं आपल्या सूचना सरकारकडे धाडल्या. पण महायुद्ध आडवें आलें. युद्धकाळांत नोटांचा सुकाळ झाला, ठेवींचा ओघ वाढला, आणि बंगालपासून पंजाबपर्यंत बँकांनीं शाखांमागून शाखा थाटल्या. ठेवींच्या मानानें भांडवल मात्र मागें पडत गेलें. सरकारला मधेंच तुकड्यातुकड्यांनीं कायदे करावे लागले. अखेर १९४९ च्या १६ मार्चपासून बँकिंग कंपन्यांचा सर्वव्यापी कायदा अमलांत आला. त्याच्या बाराव्या कलमानें जुन्या लबाडीच्या मुळावर घाव घातला: खपलेलें भांडवल अधिकृताच्या निम्म्याहून कमी नको आणि वसूल भांडवल खपलेल्याच्या निम्म्याहून कमी नको. म्हणजे शंभर सांगणाऱ्यानें पंचवीस तरी आणलेच पाहिजेत.

अकरावें कलम याहून मनोरंजक आहे. एकाहून अधिक राज्यांत धंदा करणाऱ्या बँकेला भांडवल व गंगाजळी मिळून पांच लाख हवेत. मुंबई किंवा कलकत्ता येथें कचेरी असेल तर दहा लाख. एकाच राज्यांतील, या दोन शहरांबाहेरच्या बँकेला मुख्य कचेरीसाठीं एक लाख, त्याच जिल्ह्यांतील प्रत्येक शाखेमागें दहा हजार आणि जिल्ह्याबाहेरील शाखेमागें पंचवीस हजार, मात्र एकंदर पांच लाखांच्या वर नको. परदेशी बँकांना पंधरा लाख, आणि त्यांनीं मुंबई किंवा कलकत्ता गांठलें तर वीस. हा सर्व हिशेब ज्या बारकाईनें केला आहे तिचें कौतुक वाटतें. पण त्यांत एक मोठी उणीव राहिली. कायदा नकाशा पाहून भांडवल मोजीत होता, ओझें पाहून नव्हे. दहा लाखांचें भांडवल असलेल्या बँकेनें एक कोटीच्या ठेवी घेतल्या काय किंवा पन्नास कोटींच्या घेतल्या काय, अकराव्या कलमाला त्याचें सोयरसुतक नव्हतें.

ही उणीव १९६० सालीं जाणवली. त्या वर्षीं अकोल्याची लक्ष्मी बँक गेली, आणि ऑगस्टांत केरळांतील पलाई सेंट्रल बँक रिझर्व्ह बँकेच्या अर्जावरून न्यायालयानें बंद केली. दोन्ही शेड्यूल्ड बँका होत्या. यादींत नांव असणें हेंच अभय, अशी लोकांची समजूत होती ती मोडली. सरकारनें दोन उपाय योजिले. १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला, प्रत्येक ठेवीदाराला दीड हजार रुपयांपर्यंत. आणि दुबळ्या बँका सक्तीनें सबळ बँकांत विलीन करण्याचा सपाटा सुरू झाला. १९५१ सालीं देशांत ५६६ बँका होत्या. १९६९ च्या मध्यास ८९ उरल्या. बाजार अधिक स्थिर झाला यांत शंका नाहीं. पण जिल्ह्याच्या गांवच्या ज्या लहान बँकेचा व्यवस्थापक कर्जदाराला नांवानें ओळखत होता, तीही या चाळणींतून खालीं गेली, आणि त्याची नोंद कोणत्याही तक्त्यांत नाहीं.

ठेवींचा विमा आल्यावर भांडवलाची गरज उरली नाहीं असें वरवर वाटतें. वस्तुस्थिति उलट आहे. विम्यानें ठेवीदार निश्चिंत झाला म्हणजे तो बँकेची चौकशी करीनासा होतो; मग मालकाला जपून वागावयाला लावणारी गोष्ट एकच उरते, त्याचा स्वतःचा अडकलेला पैसा. १९६९ नंतर तर मोठ्या बँका सरकारच्याच झाल्या, आणि सरकार मालक असल्यावर भांडवल कशाला मोजावें, अशा वृत्तीनें ठेवी डोंगराएवढ्या वाढल्या व भांडवल टेकडीएवढेंही राहिलें नाहीं.

ओझें पाहून भांडवल मोजण्याचा नियम शेवटीं बाहेरून आला. १९७४ सालीं कोलोन येथील हेरस्टाट बँक बुडून अनेक देशांतील बँकांना फटका बसला. तेव्हां दहा प्रमुख औद्योगिक राष्ट्रांच्या मध्यवर्ती बँकांनीं स्वित्झर्लंडमधील बाझल येथें एक समिति नेमली. तिनें १९८८ सालीं ठरविलें कीं बँकेनें कर्जें जोखमीप्रमाणें तोलावीं, सरकारी रोख्याला शून्य वजन तर सामान्य व्यापारी कर्जाला पुरें शंभर, आणि या तोललेल्या रकमेच्या आठ टक्के भांडवल ठेवावें. नरसिंहम् समितीच्या शिफारशीवरून रिझर्व्ह बँकेनें १९९२ सालीं हा नियम येथें लागू केला. तो पुरा करावयाला सरकारला त्या दशकांत राष्ट्रीयीकृत बँकांत सुमारे वीस हजार कोटी रुपये ओतावे लागले. २००० च्या मार्चअखेर आठाचे नऊ टक्के झाले. औषधाचा गुण आला तसा दोषही दिसला. रोख्यांना वजन नाहीं हें पाहून बँका कायद्यानें लागत होते त्याहूनही अधिक सरकारी रोखे घेऊन बसल्या, आणि लहान उद्योजकाला कर्जासाठीं हेलपाटे पडूं लागले. भांडवलाचा नियम पैशाला केवळ थांबवीत नाहीं, त्याची वाटही वळवितो.

आणि टक्केवारी शेवटीं ताळेबंदावरून काढावयाची असते. ताळेबंद खोटा तर टक्काही खोटा. २००४ सालीं ग्लोबल ट्रस्ट बँक बंद पडण्यापूर्वीं तिच्या हिशेबतपासनिसांना जेथें शिल्लक दिसली होती तेथें रिझर्व्ह बँकेच्या तपासणींत खड्डा निघाला. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेची भांडवलाची टक्केवारी २०१९ च्या मार्चअखेर १२.६२ होती, म्हणजे नियमाच्या नऊ टक्क्यांहून बरीच वर. सहाच महिन्यांनीं, २३ सप्टेंबरला, तिच्यावर निर्बंध आले. तिच्या कर्जांपैकीं सत्तर टक्क्यांच्या आसपास रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती आणि ती बनावट खात्यांच्या आड दडविलेली होती, असें उघडकीस आलें. नुकसान धरून हिशेब केल्यावर भांडवल शून्याच्या खालीं गेलेलें होतें. आरंभीं ठेवीदारांना सहा महिन्यांत एक हजार रुपये काढण्याची परवानगी मिळाली; पुढें ती मर्यादा वाढत वाढत एक लाखावर गेली.

२०२२ च्या जानेवारींत ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेंत विलीन करण्यांत आली. ठेवींचा विमा त्यापूर्वींच, २०२० सालीं, पांच लाखांवर नेला होता. तेवढी रक्कम विम्यांतून देण्याचें ठरलें. त्यावरच्या वैयक्तिक ठेवी हप्त्याहप्त्यानें परत करावयाच्या होत्या, शेवटचा हप्ता दहा वर्षांनीं. संस्थांच्या ठेवींसाठीं मात्र योजनेंत निराळें कलम होतें: विम्याबाहेरील रकमेचा ऐंशी टक्के भाग नव्या बँकेच्या एक टक्का लाभांशाच्या कायमस्वरूपी प्रेफरन्स शेअरांत रूपांतरित झाला. ज्यांनीं ठेवीदार म्हणून पैसे आणून दिले होते, त्यांच्याच पैशाचें अशा रीतीनें भांडवल झालें.